लॅपटॉपला पितळेचा तळ

आधी जमेची बाजू मांडतो. पेशाने मी हिशेबनीस आहे, आणि नावेची बाजू आधी मांडली की लोक पुढचं वाचत नाहीत हा माझा अनुभव आहे.

आमच्या ऑफिसने तो लॅपटॉप पसंत केला असता, तर माझ्या मेहुण्याची कच्ची नोकरी पक्की होणार होती. नोकरी पक्की झाली की ज्या मुलीशी त्याचं जमलं होतं, तिचे वडील त्याच्याकडे बघून पहिल्यांदाच हसणार होते. वडील हसले की लग्न. लग्न झालं की माझ्या बायकोच्या जिवाचा घोर मिटणार. आणि हे सगळं ज्याच्यामुळे घडलं तो मी, सासरच्या लोकांत पहिल्यांदाच कामाचा माणूस ठरणार! आजवर माझी ओळख ते ‘हे आमचे जावई’ अशी करून देतात आणि मग बराच वेळ पुढे काय सांगावं ते त्यांना आठवत नाही.

एवढा नफा, आणि भांडवल काय? एक अहवाल! आणि तो लिहिणार कोण? मीच!

“तू निर्धास्त राहा,” मी बायकोला म्हणालो. “ऑर्डर माझ्या खिशात आहे असं समज.”

“तुमच्या खिशात रुमाल टिकत नाही,” बायको म्हणाली, “ऑर्डर कुठली टिकतेय!”

आमची कंपनी वजनकाट्यांची. दुकानातल्या छोट्या काट्यापासून ते ज्याच्यावर अख्खा ट्रक उभा राहतो त्या काट्यापर्यंत सगळं आम्ही बनवतो. पुढे ऑफिस, मागे कारखाना, मध्ये एक दार आणि दाराच्या मुठीला कायम ग्रीस. आमची विक्रीची माणसं गावोगाव फिरतात, आणि त्यांच्या खांद्यावर जे जुने लॅपटॉप असतात त्यांना लॅपटॉप म्हणणं म्हणजे फरशीला पापुद्रा म्हणण्यासारखं आहे. एकाला तर त्या बॅगेमुळे एका बाजूला कलून चालायची अशी सवय लागली आहे, की बॅग नसली तर तो सरळ रस्त्यावरही वळणं घेतो!

शेवटी मालकांनी हुकूम सोडला. नवे घ्या, चांगले घ्या, आधी एक नमुना मागवा आणि आठवडाभर वापरून बघा. वापरून कोणी बघायचं? ऑफिसात प्रत्येक खर्चाकडे जो संशयाने बघतो त्याने. माझ्याइतका संशयी माणूस पगार देऊनही मिळत नाही. मी तर पगार घेऊन बसलेलोच होतो.

नमुना घेऊन आला माझा मेहुणा. तो एका बड्या लॅपटॉपवाल्या कंपनीत विक्रीला नुकताच लागला होता. टाय इतका घट्ट, की गाठीच्या वरचा मेहुणा लाल आणि खालचा पांढरा दिसत होता.

“दाजी, आधी हात धुवा,” तो म्हणाला.

“अरे, लॅपटॉप बघायचाय की जेवायला बसायचंय?”

“धुवा हो!”

मी धुतले. त्याने पिशवीतून एक करडा, चकचकीत, चपटा प्रकार काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. आवाज झाला नाही. मी वाट बघत राहिलो, आता ह्याच्या आतून लॅपटॉप काढेल म्हणून.

“काढ की.”

“हाच आहे, दाजी!”

हे एवढंसं? आमच्या वार्षिक हिशोबाची नुसती अनुक्रमणिका ह्याच्यापेक्षा जाड असते! मी उचलायला गेलो. हाताने नेहमीच्या सवयीने जोर लावला आणि लॅपटॉप थेट माझ्या हनुवटीपर्यंत वर आला. मेहुणा किंचाळला. सगळं ऑफिस गोळा झालं. मग प्रत्येक जण हात धुऊन आला आणि एकेकाने उचलून बघितला. उचलला की खाली ठेवायला कोणी तयार होईना. विक्रीतला तो कलून चालणारा तर लॅपटॉप छातीशी धरून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्याला हाक मारायचं धाडस कोणाला झालं नाही.

आता मी संशयी माणूस. चार दिवस मी त्या यंत्रात खोट शोधत होतो. देवाशपथ सांगतो, दमलो! झाकण एका बोटाने उघडायचं आणि तळ जागचा हलायचा नाही. माझा चेहरा बघितला की आपोआप सुरू व्हायचा. आमचा वॉचमन इतक्या वर्षांनंतरही मला “कोण पाहिजे?” विचारतो, आणि ह्याने मला पहिल्या दिवशी ओळखलं! बटणं अशी, की दाबलेली बोटाला कळतात, कानाला नाही. एरवी मी आकडे टाकायला बसलो की शेजारच्या टेबलाला वाटतं, कारखान्यात रिवेट ठोकतायत. पडदा असा, की त्यावर आमचा तोटासुद्धा देखणा दिसत होता.

एक खोट सापडली. पेनड्राइव्ह लावायला गेलो तर तो शिरेच ना! मोठा सोफा लहान दारात अडकावा तसा बाहेरच उभा.

“त्याला वेगळी जोडणी मिळते, दाजी.”

“फुकट?”

मेहुण्याने टाय आणखी घट्ट केला. मी अहवालात खोट लिहून ठेवली आणि मनातल्या मनात लॅपटॉपची माफी मागितली.

बॅटरीची परीक्षा मी घरी घेतली. दिवसभर ऑफिसात वापरलेला लॅपटॉप बायकोपुढे ठेवला आणि तिला तिच्या मावसबहिणीशी व्हिडिओवर गाठ घालून दिली. माझ्या बायकोच्या गप्पा! फोन गरम होतो, शेजारी झोपी जातात, मावसबहिणीकडचे दिवे लागतात. गप्पा संपल्या आणि मी धावत जाऊन बघितलं, तर बॅटरी शिल्लक! मी तिथल्या तिथे अहवालात लिहिलं, ‘अत्यंत खडतर चाचणीला उतरला.’

“एवढ्याशा ह्याच्यात सगळं मावतं?” बायकोने लॅपटॉप ताटासारखा वर धरून विचारलं.

“सगळं! पुढच्या दहा वर्षांचं.”

“आणि तुमच्या डोक्यात एवढी जागा असून सांगितलेलं संध्याकाळपर्यंत राहत नाही.”

मेहुणा कोपऱ्यात बसला होता. एरवी बहिणीच्या अशा बोलण्यावर सगळ्यात मोठ्यांदा हसणारा तो. आज हसला नाही.

“दाजी,” तो हळूच म्हणाला, “माझी अजून एकही ऑर्डर झालेली नाही. आमच्या मॅडम ह्या महिनाअखेरीला ठरवणार, ठेवायचं की नाही ते. तुमच्या इथे त्या परवा दुपारी स्वतः येणार आहेत. ही ऑर्डर गेली की मी गेलो.”

बायकोने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला चांगलं ओळखीचं आहे. त्यात वाक्य नसतं, पण शेवटी पूर्णविराम असतो.

“अरे, अहवाल माझ्या हातात आहे!” मी छाती पुढे काढली. “मालक माझ्या शब्दाबाहेर नाहीत.”

हे बोललो, आणि त्याच क्षणी मला मालकांचा तळहात आठवला.

मालकांचा तळहात ही आमच्या कंपनीतली सगळ्यात जुनी वस्तू. कुठलीही नवी चीज पसंतीला आली की मालक ती आधी उजव्या तळहातावर घेणार. डोळे मिटणार. दोनदा वरखाली करणार. वजन सांगणार. मग ती काट्यावर ठेवायची, आणि काटा मुकाट्याने मालकांशी सहमत व्हायचा! पण खरी गोष्ट त्याच्या पुढची. वस्तू हलकी निघाली तर मालक डोळे उघडून एकच वाक्य बोलतात: “हातात काही लागत नाही.” संपलं! नव्या खुर्च्या अशाच परत गेल्या. भिंतीवरचं घड्याळ गेलं. छत्र्या गेल्या. एकदा नोकरीला आलेला एक उमेदवार नुसत्या हस्तांदोलनावर गेला.

मी आतल्या खोलीत जाऊन दार लावलं, डोळे मिटले आणि लॅपटॉप तळहातावर घेतला. हातात काही लागेना. मला वाटलं, घ्यायचाच राहिला! डोळे उघडून बघितलं, तर होता.

ज्या गुणाने सगळं ऑफिस वेडं झालं होतं, तोच गुण मालकांच्या तळहातावर बुडवणार होता! पण हिशेबनीस कशासाठी असतो? बेरीज जुळत नसेल तर जुळवण्यासाठी. मी ठरवलं, लॅपटॉपला खालून एक तळ बसवायचा. हाताला थोडंसं लागेल इतकाच. मालक सकाळी माझ्या टेबलाशी येणार, तळहातावर घेणार, समाधानाने मान हलवणार. ते आपल्या खोलीत गेले की मी तळ काढून घेणार. मग दुपारी मॅडम येणार आणि त्यांना त्यांचा फुलासारखा लॅपटॉप जसाच्या तसा मिळणार. ह्या योजनेत मला एकही खोट दिसेना. आणि मी चार दिवस खोटच शोधत होतो, म्हणजे हात बसलेला!

कारखान्यात आमचे उस्ताद आहेत. फिटर लोकांचे मुख्य. सकाळी गेल्या गेल्या मी लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बघितलं, तडक नळाकडे गेले, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि मग बोटाच्या टोकाने त्याची कड चाचपली.

“काय काम केलंय हो!” ते पुटपुटले. “हा सांधा बघा, हिशेबनीस. नख जात नाही. हे ज्याने केलं ना, त्याच्या पायावर डोकं ठेवलं पाहिजे.”

“नंतर ठेवा. आधी ह्याला तळ बसवा. दिसता कामा नये, ओरखडा उठता कामा नये, आणि हाताला थोडं लागलं पाहिजे.”

“ह्याला तळ?” उस्तादांचा चेहरा पडला. “म्हणजे नाचणाऱ्या माणसाला गमबूट घालायचे?”

“घाला. माझ्या मेहुण्याच्या नोकरीचा प्रश्न आहे.”

“पातळ पत्रा संपलाय. पितळेचा जाड आहे.”

“किती जाड?”

“जाड,” उस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लॅपटॉप माझ्या हातात दिला आणि मी त्याच्याबरोबर गुडघ्यांपर्यंत खाली गेलो. थोडं हाताला लागावं असं मी म्हणालो होतो. हा हाताला, खांद्याला आणि कमरेलाही लागत होता! पण काम? काम बघून तोंडात बोटं घालावीत! आतून मऊ बनातीचं कापड, बाहेरून हुबेहूब तोच करडा रंग, कडा तशाच गोल. कुठे लॅपटॉप संपतो आणि कुठे पितळ सुरू होतं, भिंग लावूनही सांगता आलं नसतं.

“उस्ताद, हे फार झालं हो!”

“फार?” उस्ताद दुखावले. “फिटिंग बघा, हिशेबनीस, फिटिंग!”

वेळ नव्हता. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला, टेबल कुरकुरलं, आणि मी मालकांची वाट बघत बसलो. मालक आले. वेळेवर आले. पण त्यांच्या शेजारी काळ्या कोटातल्या, चष्मा डोक्यावर चढवलेल्या एक उंच बाई होत्या, आणि मागे लाल-पांढरा मेहुणा!

“ह्या मॅडम लवकर आल्या,” मालक म्हणाले. “फाटकातच भेटल्या. चला, थेट बैठकीच्या खोलीत. हिशेबनीस, लॅपटॉप आणा.”

ती मंडळी पुढे गेली आणि मी पाठमोरा होऊन तळ ओढायला लागलो. निघेना! नख घालून बघितलं. सांध्यात नख जाईना! ज्याच्या पायावर डोकं ठेवायचं म्हणत होते, त्याच्या तोडीचा सांधा उस्तादांनी स्वतःच करून ठेवला होता. मी पट्टी घातली, पट्टी वाकली. दात लावणार, तेवढ्यात आतून हाक आली.

“हिशेबनीस!”

मी निघालो. मनगटात पितळ आणि चेहऱ्यावर फुलं तोलल्याचा भाव! हे दोन्ही एकाच वेळी सांभाळणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. बैठकीच्या टेबलावर तो ठेवला तेव्हा पाण्याचे पेले जरा सरकले. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही.

मेहुण्याने बोलायला सुरुवात केली. आणि काय सांगू, पोरगं छान बोलत होतं! घरी वाक्य धड पुरं न करणारा तो, इथे झऱ्यासारखा वाहत होता. त्याने झाकण उघडलं, चित्रं दाखवली, मोठमोठे तक्ते क्षणात उघडले. मालक पुढे सरकून बसले. मॅडमची मान हलली. मीसुद्धा विसरलो की माझी अहवालाची पानं भीतीने ओली झाली आहेत.

“आणि सर, सगळ्यात मोठी गोष्ट,” मेहुणा म्हणाला. “दिवसभर वापरा, गरम होत नाही. हात लावून बघा.”

मालकांनी तळाशी हात लावला.

“हाय!” मालकांनी बोटं तोंडात घातली.

लॅपटॉपला श्वास घ्यायला खालून बारीक जाळी होती. ती जाळी उस्तादांनी बनात लावून, पितळ ठोकून, मायेने बंद केली होती.

मॅडमनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. मेहुण्याने चार्जरची वायर उपटली. “चा... चार्जिंगमुळे असेल. पण सर, आवाज बघा. आवाजच नाही!”

सगळे कान देऊन ऐकू लागले. लॅपटॉप आधी ‘सूं’ करत होता. मग ‘घूं’ करायला लागला. मग पिठाच्या गिरणीसारखा घरघरला. आठवडाभर ज्याचा श्वाससुद्धा ऐकू आला नव्हता, तो दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा धापा टाकत होता! मला त्या यंत्राची खरोखर दया आली.

“आणि वजन!” मेहुणा जवळजवळ ओरडलाच. बुडणारा माणूस ओंडका धरतो तसा त्याने तो शब्द धरला. “सर, वजन बघा! एका हाताने उचला, फुलासारखा आहे!”

“नको!” मी म्हणालो.

पण मालकांनी हात घातला होता. उजवा. मला दुपारनंतर कळलं, की तो उजवा खांदा गेले कित्येक महिने आखडलेला होता आणि काटेवाल्याला वजन उचलवत नाही ही गोष्ट जगाला कळू नये म्हणून मालकांनी ती घरच्यांखेरीज कोणालाही सांगितली नव्हती. मालकांनी फुलाच्या हिशोबाने हात वर नेला. हात वर गेला. लॅपटॉप गेला नाही!

“आई गं!”

मालक खांदा धरून खुर्चीत बसले. मॅडम उठल्या, पाणी दिलं, मग त्यांनी स्वतः लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांचा चेहरा बदलला.

“हे अशक्य आहे,” त्या म्हणाल्या.

“काटा आणा!” मालक कण्हत गरजले.

काटा आला. लॅपटॉप ठेवला. आकडा उमटला. मॅडमच्या माहितीपत्रकातल्या वजनाच्या तिप्पट आणि वर थोडं!

मॅडमनी आकड्याकडे बघितलं. कागदाकडे बघितलं. आणि मग आमच्या इमारतीत आजवर कोणीही न उच्चारलेलं वाक्य उच्चारलं.

“तुमचा काटा चुकतोय.”

लॅपटॉपसुद्धा घरघरायचा थांबला. मालकांचे पंचाहत्तरीतले कान लाल झाले. आमच्याकडे माणसाला चोर म्हटलेलं एक वेळ चालतं.

“सगळे काटे आणा,” मालक अगदी हळू म्हणाले. “उस्तादांना बोलवा.”

आले. छोटा आला, मध्यम आला, सोनाराचा आला, गोणी तोलायचा दोघांनी ढकलत आणला. लॅपटॉप एकेका काट्यावर चढवला गेला आणि एकेका काट्याने न अडखळता तीच साक्ष दिली. मी भिंतीला टेकून बघत होतो. काटे खरे होते. मॅडमचा कागद खरा होता. लॅपटॉपसारखा खरा तर दुसरा कोणी नव्हता. त्या खोलीत खोटा एकटा मी!

“तू सांग,” मॅडम मेहुण्याकडे वळल्या. “आठ दिवस तू इथे येतोयस. ह्यांचा काटा चुकतो की आपलं मशीन?”

मेहुण्याने टाय सैल केला. आठवडाभरात पहिल्यांदाच. काय उत्तर दिलं की नोकरी वाचते हे त्या खोलीतल्या भिंतींनाही कळत होतं.

“मॅडम,” तो म्हणाला, “ह्यांचे काटे नाही चुकत. मी रोज बघतोय. आपल्याच नगात काहीतरी झालंय. मी आणला, जबाबदारी माझी.”

“मग उद्यापासून येऊ नकोस,” मॅडम म्हणाल्या.

मेहुणा माझ्याकडे वळला. “दाजी, तुम्ही तर वापरलात ना? तुम्ही सांगा, असा नव्हता ना हा?”

आणि मी तोंड उघडलं. खरंच उघडलं! अख्खी कबुली जिभेच्या टोकावर होती. पण तेवढ्यात शेवटचा काटा घेऊन उस्ताद दारातून आत आले, त्यांनी टेबलावर बघितलं आणि त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला.

“बसलाय ना फिट्ट?” ते सगळ्यांना म्हणाले. “कोणाला ओळखू आला? नाही ना? हिशेबनीस म्हणाले होते, दिसता कामा नये!”

“काय दिसता कामा नये?” मालकांनी विचारलं.

“तळ!” उस्तादांनी लॅपटॉप उलटा केला आणि कोपऱ्यावर अंगठा दाबला. खट्! पितळेचा तळ त्यांच्या हातात, आणि टेबलावर, ओझं टाकलेल्या माणसासारखा, तो करडा, चपटा, निष्पाप लॅपटॉप.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या नजरांचं एकत्रित वजन करायला ट्रकचा काटा लागला असता.

“मालक,” मी चाचरत म्हणालो, “तुम्हाला हलकं चालत नाही... हातात काही लागत नाही म्हणता... म्हणून म्हटलं, थोडं लागू दे.”

“अहो, लागलं की!” मालक खांदा चोळत ओरडले. “माझा हात वर जात नाही! माझी माणसं ओझ्याने वाकडी चालतायत, दिसत नाही मला? म्हणून तर नमुना मागवला! हलका हवा म्हणूनच मागवला! मला एका शब्दाने विचारलंत?”

संशयी माणूस सगळ्यांवर संशय घेतो, विचारत मात्र कोणालाच नाही.

मालक उठले. डाव्या हाताने त्यांनी तो उघडा लॅपटॉप सोनाराच्या काट्यावर ठेवला. आकडा थरथरला, स्थिरावला. मालकांनी मॅडमच्या हातातला कागद मागून घेतला. आकडा बघितला, कागद बघितला. पुन्हा आकडा. चष्मा पुसून पुन्हा कागद.

“तेवढंच,” ते म्हणाले.

कोणाला काही कळेना.

“माझं आयुष्य गेलं ह्या धंद्यात,” मालक कोणाकडेच न बघता बोलत होते. “विकणारा सांगतो ते एक वजन, आणि काटा दाखवतो ते दुसरं. मध्ये नेहमी काहीतरी असतं. गोणीचं असतं, डब्याचं असतं, बोटाचं असतं. आज पहिल्यांदा बघतोय. मध्ये काहीच नाही!”

त्यांनी लॅपटॉप उचलला, डाव्या तळहातावर घेतला आणि डोळे मिटले. उस्तादांनी नकळत टोपी काढली. मॅडमसुद्धा श्वास रोखून उभ्या राहिल्या. गोणीचा काटा ढकलत आणणारे दोघं दारात हात जोडल्यासारखे थांबले. माझ्या अंगावर काटा आला! हिशोबाच्या इतक्या वर्षांत मी पुष्कळ आकडे जुळलेले बघितलेत, पण एखादा आकडा जुळताना सगळी खोली गहिवरलेली बघितली नव्हती.

“हातात काही लागत नाही,” मालक म्हणाले. आणि हे वाक्य त्यांनी लहान मुलाला मांडीवर घेतल्यावर बोलावं तसं म्हटलं.

मग डोळे उघडले. “मॅडम, विक्रीच्या सगळ्या माणसांना एकेक द्या. पण ऑर्डर मी ह्या मुलाच्या हातात देणार. नोकरी जात असताना ज्याने काट्याला खोटं म्हटलं नाही, तो उद्या तुमच्याकडे नसेल तर मीच त्याला ठेवून घेतो.”

“ठेवून कशाला घेता?” मॅडम घाईघाईने म्हणाल्या. “तो आमचाच आहे! पक्का!”

मेहुणा खुर्चीत बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. टाय आयता सैल होता, त्यालाच डोळे पुसले.

तर आता हिशोब बंद करतो. मेहुण्याची नोकरी पक्की झाली. मुलीचे वडील हसले, ते मी स्वतः बघितलं, दात मोठे आहेत. मॅडमना ऑर्डर मिळाली. विक्रीतला तो कलून चालणारा आता सरळ चालतो आणि त्यामुळे ओळखू येत नाही. उस्तादांना मॅडमनी विचारलं, आमच्याकडे येता का? ते गेले नाहीत, पण विचारलं हे दिवसातून एकदा सांगतात. मालक पितळेच्या तळावर कागद दाबून ठेवतात. बायकोने माहेरी फोन करून सांगितलं, “माझ्या भावाने ऑर्डर आणली! हे मध्ये नसते तर तासभर आधी आणली असती.” आणि ह्यात हिशेबनीस म्हणून मला एकही चूक दाखवता आली नाही.

नवा लॅपटॉप मला मिळाला नाही. “तुम्ही खुर्चीवरून उठत नाही, तुम्हाला हलका कशाला?” असं मालकांचं म्हणणं पडलं. मात्र पितळ, बनात, रंग आणि उस्तादांची मजुरी माझ्या पगारातून कापायची असं ठरलं आणि ती नोंद करायची कोणी? मीच! माझ्या टेबलावरच्या जुनाट कॉम्प्युटरवर मी रक्कम टाकली, जड मनाने बटण दाबलं. कॉम्प्युटर अडकला. हूं नाही की चूं नाही. मी पंख्याखाली जाऊन आलो, चहा घेऊन आलो, आणि शेवटी वैतागून पुन्हा एकदा दाबलं.

महिनाअखेरीला पगार हातात पडला तेव्हा कळलं, त्या बिचाऱ्याला दोन्ही वेळा ऐकू गेलं होतं. म्हणजे सगळं ज्यांना मिळायचं त्यांना मिळालं, आणि पैसे भरले मी एकट्याने. दोनदा!